साधे मोबाइल खेळ (ग्रामीण विदर्भ)

एका बोटाने किंवा दोन-चार बटणांनी खेळता येणारे, नियम न वाचता कळणारे आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत डाव संपणारे फोनवरील खेळ. नोकियाच्या फोनमधला साप, टेट्रिस, टेम्पल रन, कँडी क्रश, लुडो किंग ही त्यांची ठळक उदाहरणे. असा खेळ पहिल्या दिवशीच पुरता समजतो, तरीही माणूस तो महिनोन्‌महिने उघडत राहतो. हे का घडते ते विदर्भातल्या खेड्यांत स्पष्ट दिसते, कारण इथे फोन बहुधा कशाची तरी वाट पाहताना हातात येतो आणि ती वाट किती वेळ पाहावी लागेल हे कुणालाच ठाऊक नसते.

गावांत आधी आला तो साप. फिनलंडमधील नोकिया कंपनीच्या तानेली अर्मान्तो यांनी तो ६११० या फोनसाठी तयार केला आणि १९९७ मध्ये तो लोकांपुढे आला. विदर्भातल्या खेड्यांत तो खऱ्या अर्थाने पोचला २००३ मध्ये निघालेल्या नोकिया ११०० सोबत. टॉर्च आणि धूळ न शिरणारी बटणे यांमुळे हा फोन वावरात न्यायला सोयीचा होता. जगभर त्याची २५ कोटींहून अधिक विक्री झाली. त्यात सापाची दुसरी आवृत्ती होती. २, ४, ६, ८ या बटणांनी साप वळवायचा, मध्येच एखादा किडा थोड्या वेळापुरता उगवायचा आणि कोपऱ्यातले आकडे उतरत शून्यावर येण्याआधी तो गाठायचा.

या खेळाची रचना फार हुशारीची आहे. सापाला बाहेरचा शत्रू लागतच नाही. खाल्ले की तो वाढतो आणि जितका वाढतो तितकी त्याला वळायला जागा कमी पडते. म्हणजे खेळाडूने मिळवलेले यशच पुढे त्याच्या वाटेत आडवे येते. शेवटी साप आपल्याच शेपटीवर आपटतो तेव्हा दोष द्यायला दुसरे कुणी उरत नाही. वळायला उशीर झाला, एवढेच. पुन्हा खेळावेसे वाटण्याचे सर्वांत मोठे कारण इथेच आहे : हरण्याचे कारण डोळ्यांना दिसले पाहिजे, ते आपल्या हातातले असले पाहिजे आणि चूक सुधारायची संधी लगेच मिळाली पाहिजे. नवा डाव सुरू व्हायला अर्धा मिनिट लागले असते, तर तेवढ्यात ‘आता यावेळी जमते’ ही ऊर्मी विरून गेली असती. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांचा फ्लॅपी बर्ड (२०१३) तर बहुतेकांना काही सेकंदांतच बाद करी, पण बोट टेकवले की पक्षी पुन्हा उडत असे. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे असे वाटून न्युएन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच काढून घेतला.

दैवाचा वाटा किती असावा, हा दुसरा प्रश्न. कौशल्यच सगळे ठरवू लागले तर नवखा दोन डावांत कंटाळतो आणि सगळेच नशिबावर सोडले तर जाणता. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या टेट्रिसमध्ये कोणता ठोकळा पडेल ते दैव ठरवते, तो कुठे बसवायचा ते आपण. लुडोतही फासा दैवाचा आणि कोणती सोंगटी चालवायची ते आपले. लुडो मूळचा आपल्या पचिसीचा. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले आणि नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये तो फोनवर आणला. चिंचोक्यांवर अष्टाचंगा खेळलेल्या आजीला तो कुणी शिकवावा लागला नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरी एकच फोन मधे ठेवून पाळीपाळीने फासे टाकले जात होते. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस माणसाला (आणि कबुतरालाही) सर्वांत चिकाटीने प्रयत्न करायला लावते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले होते. फाशावरचा सहा आकडा हे तसेच बक्षीस आहे.

विदर्भातल्या वेळेचा पोत या खेळांना विशेष मानवतो. कापसाच्या हंगामात हिंगणघाट, वणी, अकोट इथे खरेदीसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. काट्यावर आपला नंबर दहा मिनिटांत येईल की मध्यरात्री, हे सांगता येत नाही. गाडी सोडून जाता येत नाही आणि झोपताही येत नाही. रब्बीत ओलिताच्या पाळीला रात्री ‘लाईन’ (वीज) येण्याची वाट पाहत मोटारीजवळ बसावे लागते. हरभऱ्यात डुकरं-रोही (नीलगायी) शिरू नयेत म्हणून जागल असते, तेव्हा तर कान वावरात आणि डोळे उघडे ठेवावे लागतात. अशा वेळी पिक्चर लावला तर तो अर्ध्यावर तुटतो. सापाचा किंवा ठोकळ्यांचा डाव मात्र कुठेही तुटला तरी फार काही बुडत नाही. लाईन आली, फोन खिशात गेला, बारे फोडून पाणी दुसऱ्या सरीला लावले, परत येऊन नवा डाव. खेळणाऱ्याला मध्येच उठू देणे हा या खेळांचा मोठा गुण आहे आणि त्याचे मोल शहरातल्या माणसाला सहसा कळत नाही.

इंटरनेटची तुटक रेंजही यात भर घालते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे नेट जाणे नवे नाही. गुगलने २०१४ मध्ये आपल्या क्रोम या ब्राउझरमध्ये नेट गेल्यावर दिसणारा छोटा डायनासोर पळता केला. स्क्रीनला बोट लावले की तो निवडुंगावरून उडी मारतो, ७०० गुणांना दिवसाची रात्र होते. २०१८ मध्ये गुगलने सांगितले की महिन्याला सुमारे २७ कोटी डाव खेळले जातात आणि बहुतेक खेळाडू भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा तुटक किंवा महाग नेटच्या देशांतले आहेत.

याच ओढीचा धंदाही होतो. कँडी क्रशमध्ये (२०१२) पाचच ‘लाईफ’ असतात. संपल्या की एक परत मिळायला अर्धा तास थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे भरा. अपुरे राहिलेले काम मनात घोळत राहते, असे मानसशास्त्रज्ञ ब्ल्युमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. अडलेली लेवल नेमका त्याचा फायदा घेते. फुकट खेळांत दर डावानंतर जाहिरात येते. त्यावर शाळकरी पोट्ट्यांनी काढलेला उपाय सर्वदूर चालतो : आधी डेटा बंद करायचा, मग खेळ उघडायचा. जाहिरातही येत नाही आणि बापाचा नेट पॅकही वाचतो. जो खेळ यानंतरही हातात राहतो, तो मुळातच चांगला रचलेला आहे असे समजावे.

पैसे लावून खेळायचे रमी किंवा फॅन्टसी क्रिकेट या नोंदीत मोडत नाहीत, जरी फोनवर ते याच खेळांच्या शेजारी दिसत आले. तिथे माणूस गेलेले पैसे परत काढायला बसतो आणि शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदाच येणाऱ्या घराला तो डाव झेपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने असे ऑनलाइन पैशांचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास बंदी घातली. पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या साप, ठोकळे, लुडो यांना ती बंदी लागू नाही.