शनी: कड्यांपासून पाण्यापर्यंत

पणजीला जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेत ज्यांनी कधी रांग लावली असेल, त्यांना तो क्षण आठवत असेल. दुर्बिणीला डोळा लावला की आधी नुसता काळोख दिसतो. मग चित्र काढल्यासारखा चिमुकला शनी समोर स्थिरावतो आणि मागे लोक ताटकळत आहेत हे आपण विसरतो. एकदा रांगेतल्या एका आजींनी नातवाला विचारले होते, "शनीला मुद्दाम जाऊन कशाला बघायचं रे? तो आपल्याकडे बघत नाही तेच बरं." नातवाने हात धरून त्यांना पुढे नेले. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "कडी दिसली. पण बाजूला तो ठिपका कोण?"

तो ठिपका म्हणजे टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. आजींचा प्रश्न मला अजून आठवतो, कारण शनीच्या संशोधनाचे तेच झाले. सगळे गेले कडी बघायला आणि गुंतले ठिपक्यांत.

१६१० साली गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेले दिसले. दोन वर्षांनी पाहिले तर ते गायब. कडी आकाराने प्रचंड, पण जाडीला जेमतेम. त्यांची धार नेमकी आपल्याकडे वळली की ती दिसेनाशी होतात. मार्च २०२५ मध्ये हेच घडले आणि ते वर्षभर हौशी निरीक्षकांना सुई टोचलेल्या चेंडूसारखा शनी पाहावा लागला. गॅलिलिओला कारण उमगले नाही. ते सांगितले ख्रिस्तियान हायगेन्सने, १६५९ मध्ये. टायटनही त्यानेच १६५५ मध्ये शोधला होता. पुढे जोव्हानी कॅसिनीने आणखी चार चंद्र आणि कड्यांमधली काळी फट शोधली. एन्सेलाडस हा छोटा चंद्र मात्र विल्यम हर्शेलच्या दुर्बिणीत यायला १७८९ साल उजाडले. एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले की कडे अखंड असते तर केव्हाच मोडून पडले असते, म्हणजे ती असंख्य सुट्या तुकड्यांची रांग असली पाहिजे.

पहिले यान पोहोचले सप्टेंबर १९७९ मध्ये: पायोनियर ११. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर १ गेले. त्याला टायटनच्या जवळून न्यायचे तर प्लूटोकडची वाट सोडावी लागणार होती. ती सोडली, आणि टायटनने दाखवले काय, तर नारिंगी धुके! जमिनीचा पत्ता नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये व्हॉयेजर २ ने एन्सेलाडसची छायाचित्रे पाठवली. त्यात काही भाग जुन्या विवरांनी भरलेला, तर काही भाग पुसून काढल्यासारखा गुळगुळीत. विवरे कुणी बुजवली? उत्तर मिळायला चोवीस वर्षे लागली.

त्याच १९८१ च्या डिसेंबरात आपल्या मुरगाव बंदरातून डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली होती. त्या मोहिमेचा शनीशी काडीचाही संबंध नव्हता. पण बर्फाखाली आणि समुद्रतळाशी काय चालते हा प्रश्न तेव्हापासून गोव्यात मुक्कामाला आहे, म्हणून हा उल्लेख.

नासा, युरोपीय अंतराळ संस्था आणि इटलीची अंतराळ संस्था यांनी मिळून बांधलेले कॅसिनी हे यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले. साडेपाच टनांहून जड यानाला थेट शनीपर्यंत फेकण्याची ताकद रॉकेटात नव्हती. म्हणून दोनदा शुक्र, एकदा पृथ्वी आणि एकदा गुरू, असे गुरुत्वाकर्षणाचे चार धक्के घेत ते जवळजवळ सात वर्षांनी, १ जुलै २००४ रोजी शनीच्या कक्षेत शिरले. टायटनवर उतरायचे छोटे यान त्याच्या अंगावर होते. त्याचे नाव हायगेन्स.

या हायगेन्सची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. करमळी स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चिरका आणि पुढे गेल्यावर जाड ऐकू येतो. रेडिओ संदेशाचेही तसेच होते. हायगेन्सचे संदेश कॅसिनी पकडणार होते आणि दोघांमधला वेग मोठा होता. सूर बदलेल हे अभियंत्यांनी धरले होते, पण त्याबरोबर संदेशातल्या आकड्यांची लयही बदलेल, हे कॅसिनीवरच्या ग्राहकयंत्रात धरलेलेच नव्हते. यान वाटेत असताना, २००० साली, बोरिस स्मेड्स या अभियंत्याने पृथ्वीवरून खोटा संदेश पाठवून चाचणी घेतली तेव्हा हे उघडकीला आले. यंत्र तर कोट्यवधी किलोमीटर दूर. त्याला हात लावणार कोण? मग वाटच बदलली. उतरणाऱ्या हायगेन्सला कॅसिनीने सुमारे ६०,००० किलोमीटर लांबून वळसा घालायचा, म्हणजे दोघांमधले अंतर फार झपाट्याने बदलणार नाही, असे ठरले. त्यापायी नोव्हेंबर २००४ मधले उतरणे पुढे ढकलले गेले आणि तारीख पडली १४ जानेवारी २००५.

म्हणजे मकरसंक्रांत! सूर्य शनीच्या राशीत जातो असे पंचांग म्हणते, तो दिवस. आदल्याच दिवशी शनी प्रतियुतीत होता, म्हणजे इकडे सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवत होता. योगायोगच, पण झकास. आपल्याकडे तिळगूळ वाटून झाला होता, रात्र पडली होती, तेव्हा हायगेन्सची माहिती पृथ्वीवर येऊ लागली. अडीच तासांच्या उतरणीत त्याला ओढ्यांसारख्या वाटा दिसल्या आणि तळाशी नदीतल्यासारखे गोल झालेले गोटे. गोटे पाण्याच्या बर्फाचे होते. उणे १७९ अंशांना बर्फ दगडासारखाच वागतो आणि पाऊस पडतो तो मिथेनचा.

एन्सेलाडसची कथा मात्र कॅमेऱ्याने नव्हे, चुंबकमापकाने सुरू केली. २००५ च्या सुरुवातीला या जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या चंद्राजवळून जाताना शनीचे चुंबकीय क्षेत्र किंचित वाकलेले आढळले, जणू तिथे काहीतरी हवा असावी. चुंबकमापक सांभाळणाऱ्या मिशेल डॉहर्टी यांच्या चमूने आग्रह धरला की पुढच्या खेपेला आणखी जवळून जा. १४ जुलैला कॅसिनी पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत गेले. दक्षिण ध्रुवावर चार लांब भेगा होत्या आणि त्या आसपासच्या बर्फापेक्षा उबदार होत्या. नोव्हेंबरात सूर्य पलीकडे ठेवून छायाचित्रे घेतली. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ दिसते, तसे बर्फाच्या कणांचे फवारे लख्ख दिसले. शनीचे बाहेरचे पसरट ई कडे याच फवाऱ्यांचे बनलेले निघाले.

पण फवारे म्हणजे समुद्रच कशावरून? बर्फाची नुसती वाफही असू शकते. निकाल मिठाने लावला. आपल्या मिठागरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, कारण वाफ मीठ नेत नाही. २००९ मध्ये ई कड्यातल्या कणांत सोडियमचे क्षार असल्याचे जाहीर झाले. म्हणजे ते कण खाऱ्या पाण्याचे शिंतोडेच गोठून झालेले. मग २०१५ मध्ये या चंद्राच्या झुलण्यावरून कळले की कवचाखाली सगळीकडे पाणी आहे. त्याच वर्षी सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्या द्रव्याच्या, अतिसूक्ष्म कणांवरून अंदाज बांधला गेला की तळाशी ९० अंशांहून गरम पाणी खडकाला भिडत असावे. वास्को-सड्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे लोक हिंद महासागराच्या तळाशी जे उष्ण झरे शोधतात, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद. ऊब येते ती शनीच्या ओढीतून: प्रदक्षिणेत एन्सेलाडस कधी जवळ, कधी दूर जातो आणि कणकेच्या गोळ्यासारखा आतून मळला जातो.

हा समुद्रच कॅसिनीच्या शेवटाला कारण झाला. इंधन संपत आले होते. भरकटून ते एन्सेलाडसवर किंवा टायटनवर पडले आणि पृथ्वीवरचे जंतू तिथे पोहोचले तर? म्हणून कडी आणि शनी यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यातून २२ फेऱ्या मारून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीत जाळले. शेवटचा संदेश आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचच्या जरा आधी आला.

टायटनवर उडणारे ड्रॅगनफ्लाय हे यान जुलै २०२८ मध्ये निघायचे आहे आणि पोहोचायला २०३४ उजाडेल. एन्सेलाडससाठी अजून कुणी निघालेले नाही. तोवर जुन्या आकड्यांतूनच माल निघतो आहे: कॅसिनी २००८ मध्ये सेकंदाला १८ किलोमीटर वेगाने फवाऱ्यातून गेले, तेव्हा त्याच्यावर आदळलेल्या ताज्या कणांत नवी सेंद्रिय संयुगे असल्याचे २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले.