सफरचंदाचं रोप ल्यूथरचं नाही

‘उद्या जग बुडणार असलं, तरी आज मी सफरचंदाचं रोप लावीन.’ ख्रिस्ती आशेवरच्या प्रवचनात हे वाक्य हमखास येतं आणि सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या नावावर खपतं. पण ल्यूथर वारला १५४६ मध्ये. या वाक्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा थेट १९४४ चा, एका जर्मन पाळकाच्या पत्रातला. युद्धानं बेचिराख होणाऱ्या देशाला ते भावलं, यात नवल नाही.

ल्यूथरनं काय केलं, याची मात्र नोंद आहे, आणि मला तीच जास्त भावते. १५२७ मध्ये त्याच्या विटेनबर्ग या जर्मन गावात प्लेग आला. तो शिकवायचा ते विद्यापीठ येना या दुसऱ्या गावी हललं, त्यालाही निघायचा हुकूम आला. तो थांबला. बायको काथरीना गरोदर होती, तरी आजारी माणसं घरात ठेवून घेतली. पळावं की राहावं, यावर त्यानं लिहिलंही. सल्ला अगदी व्यवहारी: घराला धुरी द्या, औषध घ्या, विनाकारण कुठे जाऊ नका, पण शेजाऱ्याला गरज असेल तर बेधडक जा. ज्यांच्या जागी काम बघणारं दुसरं कुणी आहे, त्यांनी गाव सोडलं तर त्यात पाप नाही, असंही त्यानं सांगून टाकलं.