पिठ्या ढेकणाला खत घालू नका

पाऊस सरून ऊन तापू लागले की गोव्यात घरोघरी एक तक्रार ऐकू येते: बाल्कनीतली जास्वंद मलूल झाली, पानांच्या बेचक्यांत कापसासारखे काहीतरी बसले आहे. मग कोणी दृष्ट लागली म्हणून कुंडीला लिंबू-मिरची बांधायला सांगतो, तर कोणी झाड अशक्त झाले म्हणून चमचाभर युरिया घालायला. लिंबू-मिरचीने उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. युरियाने तर कीड वाढते.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. केसाहून बारीक सोंड तो थेट झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते आणि रसवाहिनी पानांत तयार झालेली साखर झाडभर पोहोचवते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या रसात साखर भरपूर असते, पण प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्ले अगदी थोडी. म्हणून किडा बेसुमार रस पितो आणि नको असलेली साखर बाहेर टाकतो. पानांवरचा चिकटा तो हाच. त्यावर काजळीसारखी बुरशी चढते. मुंग्याही त्याच्याच ओढीने येतात आणि किड्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

पण नुसत्या सरबतावर कोणी वाढू शकत नाही. प्रथिनांसाठी लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी जवळजवळ निम्मी प्राण्यांना स्वतः बनवता येत नाहीत आणि रसातही ती पुरेशी नसतात. मग पिठ्या ढेकूण जगतो कसा? कुंड्यांतल्या अनेक झाडांवर आढळणाऱ्या ‘प्लॅनोकॉकस सिट्री’ या जातीत याचे उत्तर सापडले. तिच्या पेशींत ‘ट्रेम्ब्लाया’ नावाचा जिवाणू राहतो आणि त्या जिवाणूच्या आत ‘मोरानेला’ हा दुसरा जिवाणू! जिवाणूच्या पोटात जिवाणू, हे 2001 मध्ये स्पष्ट झाले. ट्रेम्ब्लायाचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या डीएनएतला सगळा मजकूर, जेमतेम 1.39 लाख अक्षरांचा आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा सुमारे 46 लाखांचा असतो. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तो स्वतंत्र जगूच शकत नाही. एकेका अमिनो आम्लाच्या घडणीत काही पायऱ्यांची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी एन्झाइम्स) ट्रेम्ब्लायाकडे, काही मोरानेलाकडे. किड्याच्या स्वतःच्या जनुकसंचातही इतर जिवाणूंकडून पूर्वी कधीतरी आलेली जनुके सापडली आहेत आणि त्यांतली काही याच कामाला लागतात. तीन जीव मिळून एक रसायन घडवतात, हे वाचून मी अजूनही थक्क होतो.

एवढी यातायात कशासाठी, तर रसातल्या नायट्रोजनच्या टंचाईसाठी, कारण अमिनो आम्ले नायट्रोजनशिवाय घडत नाहीत. युरिया हे नायट्रोजनचेच खत. तो घातला की रसात अमिनो आम्ले वाढतात, ती टंचाई कमी होते आणि माद्या जास्त अंडी घालतात. म्हणून कीड आटोक्यात येईपर्यंत नायट्रोजनचे खत बंद.

कीड थोडी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक किडा पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन-तीन थेंब भांडी घासायचा द्रवसाबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात. नुकत्या निघालेल्या रांगत्या पिल्लांवर मात्र मेण नसते. त्यामुळे आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारल्याशिवाय उपयोग नाही. ‘एका फवाऱ्यात कीड साफ’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

पावसात उघड्यावरच्या झाडांवरची बरीच कीड धुऊन जाते. छपराखालच्या कुंड्यांना तो लाभ मिळत नाही. त्यांना नळीने जोरात पाणी मारा. मुंग्यांची वाट अडवण्यासाठी कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, पण डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले नवे रोप पहिले दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांबच ठेवा.