जाकिटाच्या खिशातला कॅमेरा

१८७७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावात बँकेतल्या एका तरुण कारकुनाने प्रवासाला नेण्यासाठी फोटोचं सामान विकत घेतलं. भलामोठा कॅमेरा, तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि वर एक काळोखा तंबू. तेव्हाची रीतच तशी होती. काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूत धुवायची. हा कारकून म्हणजे जॉर्ज ईस्टमन. प्रवासाचा बेत राहिला, पण ते ओझं मात्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

लहान कॅमेऱ्याचं श्रेय बहुतेक जण भिंगाला आणि पेटीला देतात. मला वाटतं ते रोलला द्यायला हवं. रसायनाचा थर काचेवर आहे तोवर प्रत्येक फोटोमागे एक काच वाहणं आलंच. थर गुंडाळता येणाऱ्या पट्टीवर आला आणि सगळा हिशेबच बदलला. १८८८ मध्ये ईस्टमनने २५ डॉलरला विकलेल्या पहिल्या कोडॅकमध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो छापून, नवा रोल भरून तो परत येई. घरात काळोखी खोली नाही, बोटांना रसायनांचे डाग नाहीत. पुढच्याच वर्षी रोलसाठी कागदाच्या जागी सेल्युलॉइडची पारदर्शक पट्टी आली. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि शाळकरी मुलंही फोटो काढू लागली.

पण माझा जीव जडला आहे तो १९१२ च्या ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’वर. व्हेस्ट म्हणजे कोटाच्या आत घालायचं जाकीट. मिटलेला असताना हा कॅमेरा जेमतेम इंचभर जाड आणि पावणेपाच इंच लांब. पुढचा भाग बोटांनी ओढला की एकमेकींना छेदणाऱ्या धातूच्या पट्ट्या कैचीसारख्या उघडतात आणि त्यांच्यामध्ये काळा भाता ताणला जातो. साध्या भिंगाच्या मॉडेलवर प्रकाश कमीजास्त करायच्या खुणांपाशी चक्क शब्द लिहिलेले असत: जवळचं दृश्य, नेहमीचं दृश्य, दूरचं दृश्य, ढग. फोकस जुळवायची भानगडच नाही. एका रोलवर आठ फोटो, प्रत्येक आगपेटीहून थोडा मोठा.

दोन वर्षांनी महायुद्ध पेटलं आणि कोडॅकने हाच कॅमेरा ‘सैनिकाचा कोडॅक’ म्हणून विकला. १९१४ च्या नाताळात खंदकांमधला गोळीबार काही ठिकाणी थांबला, ब्रिटिश आणि जर्मन सैनिक मधल्या मोकळ्या जमिनीत एकत्र उभे राहिले. त्याचे फोटो आज आपल्यापुढे आहेत ते सैनिकांनी स्वतः काढले म्हणून. ब्रिटनने पश्चिम आघाडीवर अधिकृत फोटोग्राफर नेमला तो १९१६ मध्ये. त्याआधीच, १९१५ मध्ये, सैनिकांच्या कॅमेऱ्यांवर कडक बंदी आली होती. तरी काहींच्या खिशात ते राहिलेच.

याच कॅमेऱ्याची एक सोय मला फार मोलाची वाटते. हेन्री गेसमन या संशोधकाचं पेटंट ईस्टमनने १९१४ मध्ये तीन लाख डॉलरला घेतलं. त्यानुसार कॅमेऱ्याच्या पाठीवर एक चिमुकली खिडकी आणि सोबत धातूची टोकदार सळई आली. फोटो काढला की खिडकी उघडायची, फिल्ममागच्या कागदावर सळईने नाव, गाव, तारीख लिहायची आणि काही सेकंद आकाशाकडे धरायची. कागदाखालच्या कार्बनच्या थरातून अक्षरांपुरता उजेड आत जाई आणि मजकूर निगेटिव्हच्या कडेला कायमचा उमटे. ज्यांच्या घरी जुन्या फोटोंचा डबा आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. मागे नाव नसलेला फोटो हातात येतो आणि ‘ह्या कोण गं?’ असं विचारायला घरात कुणी उरलेलं नसतं.

पाव किलोच्या आसपास वजन असल्यामुळे हा कॅमेरा एव्हरेस्टवरही गेला. १९२४ च्या मोहिमेत हॉवर्ड सॉमरव्हेल या गिर्यारोहक डॉक्टरने आपला व्हेस्ट पॉकेट सोबती जॉर्ज मॅलरीला दिला. ८ जूनला मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन शिखराच्या दिशेने गेले आणि परतले नाहीत. ते माथ्यावर पोचले होते का, याचं उत्तर त्या रोलवर असू शकतं, म्हणून गिर्यारोहक अजून तो शोधतात. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला. खिशांमध्ये पत्रं होती, गॉगल होता, कॅमेरा नव्हता. २०२४ मध्ये अर्व्हिनचा बूट सापडला, त्यात पाऊलही होतं. कॅमेरा तेव्हाही मिळाला नाही. ज्याचा तो होता, तो सॉमरव्हेल पुढे त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करत राहिला.