डबल डेकर घेतलीत? रंगाआधी पाणी शोधूया

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये जुनी डबल डेकर बस आली की ग्राहक पहिल्यांदा विचारतात, लाल रंग कधी लागणार? रंग सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून शिरतं ते बघायचं.

वरच्या मजल्याच्या पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी कोपऱ्यातून खांबात उतरतं, तळाच्या पट्टीत साचतं आणि लोखंड आतून खातं. बाहेरून पत्रा ठणठणीत दिसतो. त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर रिव्हेटने ठोकलेला. खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकलेले राहिले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. म्हणून आम्ही पत्रे उतरवतो, सांगाडा खरवडून झिंक प्रायमर मारतो आणि दोन्ही धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे पट्टी घालतो. नुसती पुट्टी भरून रंग मारणं स्वस्त पडतं, पण आतला गंज चालूच राहतो. तसं काम आम्ही घेत नाही.

इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर कृपया बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये तेल सोडून इंजिन आधी हाताने फिरवावं लागतं. डिझेलची टाकीही धुवावी लागते.

मुंबईत डबल डेकर १९३७ साली आली आणि बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी थांबली. आता तसा सुटा भाग बाजारात मिळणं कठीण. घंटीची दोरी, जिन्याचा दांडा, मार्गफलकाचं कापड, मोडकी सीटसुद्धा, काहीही भंगारात देऊ नका. नमुना हाती असला की तसंच बनवता येतं. टपावर एसी बसवायचा आग्रहही धरू नका. उंच गाडीचं वजन आणखी वर गेलं की ती वळणावर कलते.

कागदपत्रांचं स्पष्ट सांगतो. सरकारी आणि सार्वजनिक परिवहनाच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही. २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम ५० वर्षांपुढच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे, बससाठी नाही. नोंदणी रद्द झालेली गाडी आम्ही आवारात उभी ठेवण्यासाठीच तयार करतो.

गाडी पाठवण्याआधी तिची उंची मोजून कळवा. नियमाने डबल डेकर ४.७५ मीटरपर्यंत उंच असू शकते आणि ट्रेलरवर चढवली की आणखी वाढते. वाटेतले पूल, कमानी आणि तारा आम्ही आधी जाऊन बघतो, मगच तारीख देतो.