बर्नआउट: शब्द कुठून आला आणि उपाय कुठे गेले

कामाने माणूस पिचतो हे जुनंच ज्ञान. प्रश्न दोष कुठे धरायचा, एवढाच होता. १८६९ मध्ये अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी गळून गेलेल्या माणसांच्या दुखण्याला ‘न्यूरास्थेनिया’ हे नाव रूढ केलं. कारण मज्जातंतूंत शोधलं, त्यामुळे उपचारही माणसावरच. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने कारखान्यांसाठी दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले. तास मोजले गेले, पण मनावरचा भार मोजायला अजून वेळ होता.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करत आणि संध्याकाळनंतर गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथे नशेने पोखरलेल्या तरुणांना बोलीभाषेत ‘बर्नआउट’, म्हणजे जळून विझलेले, म्हणत. हळूहळू तीच कळा सेवा करणाऱ्यांवर दिसू लागली, खुद्द फ्रॉइडेनबर्गर यांच्यावरही. मग त्यांनी स्वतःचं बोलणं टेप केलं आणि एखाद्या रुग्णाचं ऐकावं तसं ते ऐकलं. १९७४ च्या लेखात त्यांनी हा शब्द कर्मचाऱ्यांना लावला. कामाला लागून साधारण वर्ष झालं की हे सुरू होतं, आणि जीव ओतून काम करणारा आधी सापडतो, असं त्यांचं निरीक्षण.

बर्नआउट टाळायचा कसा, हेही त्याच लेखात आहे: एकाच माणसाला पुन्हा पुन्हा त्याच जड कामावर पाठवू नका, तासांना मर्यादा घाला, माणसं वाढवा. व्यायामाचा सल्लाही होता. पुढच्या काळात ऑफिसांनी नेमका तोच उचलला, असं मला वाटतं. माणसं वाढवण्यापेक्षा योगाचा वर्ग स्वस्त पडतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मॅस्लॅक नर्स, समाजसेवक वगैरेंशी कामाच्या ताणाबद्दल बोलत होत्या. गरिबांचे खटले लढणारे वकील याला ‘बर्नआउट’च म्हणतात, हे त्यांना एका वकिलाकडून कळलं. १९८१ मध्ये त्यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. असं किती वेळा वाटतं, याचं उत्तर ० ते ६ मध्ये द्यायचं. ० म्हणजे कधीच नाही, ६ म्हणजे रोज. या प्रश्नावलीने तीन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि त्यांना आपल्याकडे चपखल शब्द आहेत. पहिला शीण. दुसरा उबग: समोरच्या माणसाचं नाव गळून ‘सात नंबरचा पेशंट’ उरतो. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. सुट्टीने फार तर शीण उतरतो. उबग तसा जात नाही, कारण परत आल्यावर टेबल तेच असतं.

मग संशोधकांची नजर माणसावरून कामाकडे वळत गेली. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र नाही, ही जोडी सर्वांत घातक. योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कष्ट आणि मोबदला यांतली तफावत मांडली. मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही आली. १९९७ मध्ये मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांनी कामाचा भार, अधिकार, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं अशा सहा जागा दाखवल्या. यातली एकही कर्मचाऱ्याने एकट्याने दुरुस्त करण्याजोगी नाही.

कायद्याने मात्र पुन्हा वेळच धरला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर ईमेल-फोनपासून सुटका कशी द्यायची, यावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाट करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून. व्याख्या सांगते की तो कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकालीन ताणातून येतो. हाताळायचा कुणी, हे मात्र त्या व्याख्येत लिहिलेलं नाही.