वाचक मंडळ, शालेय

शाळेतील मुलांनी ठरावीक पुस्तके घरी नेऊन वाचायची आणि ठरल्या दिवशी एकत्र बसून त्यांविषयी बोलायचे, असा ऐच्छिक उपक्रम. पुण्यात ‘बुक क्लब’, ‘वाचनकट्टा’ ही नावेही चालतात. ग्रंथालयाची तासिका सगळ्या वर्गाला असते, मंडळात मात्र मुले आपणहून येतात.

पुण्यापुरता या उपक्रमाचा उगम कोठे धरावा, यावर एकमत नाही. एक मत तो १८४८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरापर्यंत मागे नेते. गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ही संस्था शहराच्या वाचनसंस्कृतीचा पाया खरीच. परंतु ती प्रौढ वाचकांसाठी होती, त्यामुळे शालेय मंडळाशी तिचे थेट नाते जोडणे ओढूनताणून ठरते. दुसरे मत मुलांच्या मासिकांना श्रेय देते : ‘आनंद’ (१९०६) आणि पुढे बालभारतीचे ‘किशोर’ (१९७१). मासिकांनी वाचणारी मुले घडवली, पण ती बहुधा एकेकटी वाचणारी. नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये राष्ट्रीय बालसाहित्य केंद्र स्थापन केले व शाळाशाळांतून वाचक मंडळे काढण्यास उत्तेजन दिले. सध्याच्या स्वरूपाचा उगम येथे धरणे अधिक सयुक्तिक दिसते. वर्गात पुस्तकांची पेटी ठेवण्याची शिक्षकांची जुनी पद्धत त्याला पूरक ठरली असावी. राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवसाचे सामूहिक वाचन हे मंडळ नव्हे.

रचना : मंडळाचा कणा म्हणजे एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती. प्रत्येकाच्या हाती वेगळे पुस्तक असले, की मूल गोष्ट सांगते आणि बाकीचे नुसते ऐकतात, कारण वाद घालायला त्यांनी ते वाचलेलेच नसते. सोळा मुलांसाठी चार पुस्तके, प्रत्येकाच्या चार प्रती, म्हणजे सोळा प्रती पुरतात. चौघांचा गट दर तीन आठवड्यांनी पुस्तक बदलतो. बारा आठवड्यांत चारही पुस्तके सर्वांची वाचून होतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आरंभ केल्यास हे चक्र दिवाळीच्या सुटीआधी पुरे होते. याशिवाय तीस-चाळीस सुटी पुस्तके जवळ हवीत, नाहीतर भराभर वाचणारी मुले रिकामी बसतात. पुण्यात प्रती बहुधा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून एकगठ्ठा घेतात.

पुस्तक झेपेल का, हे पाहण्यासाठी मुलाने मधलेच एखादे शंभरेक शब्दांचे पान मोठ्याने वाचावे. पाचाहून अधिक ठिकाणी अडल्यास पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे विशेष जपावे लागते. तेथील मुले मराठी सफाईने बोलतात, पण जोडाक्षरांशी थबकतात. वयाला साजेसा मजकूर त्यांना जड जातो आणि सोपा मजकूर बाळबोध वाटतो. अशा वेळी शिक्षकाने पहिले प्रकरण स्वतः वाचून दाखवणे हा त्यातल्या त्यात चांगला उपाय.

बैठक पस्तीस मिनिटांची : दहा मिनिटे प्रकट वाचन, पंधरा मिनिटे गटात चर्चा, दहा मिनिटे देवघेव. देवघेव शेवटीच ठेवावी. ती आधी उरकली, की मुले नव्या पुस्तकात डोके घालतात आणि चर्चा बुडते. ‘बोध काय मिळाला?’ या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तर येते. ‘कोणाचे वागणे पटले नाही?’ असे विचारल्यास गट भांडू लागतो, आणि तेच हवे असते. लेखी सारांश मागू नये. तो सक्तीचा झाला, की मुले पातळ पुस्तके निवडतात किंवा मलपृष्ठावरचा मजकूर उतरवतात. न आवडलेले पुस्तक अर्ध्यात सोडण्याची मुभा असावी.

अडचणी : शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय आवश्यक मानले आहे, तरी कपाट पुष्कळदा कुलुपातच राहते. पुस्तके दाखल नोंदवहीत चढलेली असतात आणि हरवलेल्या प्रतीचा भुर्दंड आपल्यावर येईल, ही शिक्षकाची भीती असते. मंडळाच्या प्रतींची वेगळी वही ठेवून, काही प्रती हरवणार असे मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी मान्य करून घेतल्यास ती कमी होते. सकाळ-दुपार अशी दोन सत्रे एकाच इमारतीत भरणाऱ्या शाळांत सत्रबदलाची वेळ निवडू नये. दुसऱ्या सत्राची मुले दारात उभी राहतात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि पुढे शिष्यवृत्तीचे जादा तास यांमुळे उपस्थिती रोडावते. त्या काळात गट मोडून नुसती देवघेव चालू ठेवतात.